रेखे, मी दोन ढीग केले

रेखे, आधी हेच सांगून टाकते, म्हणजे पुढचं तुला नीट ऐकता येईल. नाहीतर तू मधेच तोंड घालशील. मी दोन ढीग केले. बाजारहत्नूरच्या बैठकीत जो कागद ठेवला, तो तुला नको होता तसाच ठेवला. तुझी तेरवी होऊन आठवडाही झाला नव्हता.

तुला वाचून दाखवल्याशिवाय देणार नाही, असं मी फोनवर कबूल केलं होतं. तू म्हणालीस, "रविवारी येजो. भरीत करतो. कागद बी आण अन् चष्मा बी आण, मागच्या खेपेला चष्मा इसरली म्हणून भांडण अर्धंच राह्यलं." शनिवारी सकाळी तुझं डोकं दुखायला लागलं. पुढचं मी लिहीत नाही. तुझ्या नवऱ्यानं, सुधाकर भाऊजींनी, ते दारात आलेल्या प्रत्येकाला सांगितलं, आणि सांगता सांगता दर वेळी त्याच एका वाक्यापाशी ते थांबले. मला एवढंच कळतं की वाचून दाखवायचं राहिलं. म्हणून आता वाचते. ऐक.

हे आणखी कोणी वाचेल त्याच्यासाठी थोडं सांगायला हवं. आपण एकाच गावच्या, एकाच वर्गातल्या. दहावीच्या त्या वर्गात एवढी थोडी मुलं होती की मास्तर हाजिरी न घेताच कोण नाही ते सांगायचे. तुझ्या बापाचं स्वतःचं वावर होतं, माझा बाप दुसऱ्याच्या वावरात सालदार होता. आमच्या घरात कॉलेजचं दार ओलांडलेली मी पहिली. हे मी मिरवते आणि मिरवत राहीन, तू कितीही "मॅडमबाई" म्हणून चिडवलंस तरी. मी गणिताची शिक्षिका झाले, इचोड्याला सरकारी शाळेत आहे. तू दहावीला गणितात नापास झालीस, तुला गावातच दिलं, आणि शेवटी तू आपल्याच शाळेच्या पालक समितीची अध्यक्ष झालीस. "समितीले बाई पाह्यजे होती," तू सांगायचीस, "अन् मी त्या दिवशी लवकर उठून गेली नाई, एवढीच माही चूक."

पण त्या नापास होण्याची गोष्ट मला सांगू दे. तू ती हसत सांगायचीस, म्हणून लोकांना ती हसण्यासारखी वाटायची.

त्या वर्षी आपले मोठे मास्तर तुझ्या घरी आले होते. ओसरीवर बसून त्यांनी तुझ्या बापाला समजावलं की पोरीला यंदा परीक्षेला बसवू नका, पुढच्या वर्षी बसवा, तयारी कच्ची आहे. खरं कारण सगळ्यांना माहीत होतं. तू बसली नसतीस तर शाळेचा निकाल शंभर टक्के लागला असता. बाप कबूल झाला होता, तूच आडवी झालीस. "वर्षभर शाळेत गेली ना मी? मंग परीक्षेले कोण जाईन, म्हैस?" तू बसलीस आणि नापास झालीस, आणि शाळेचे शंभर टक्के हुकले. त्यानंतर कित्येक वर्षं गावात कुठं काही बिघडलं की कोणीतरी म्हणायचं, रेखा बसली असन परीक्षेले. आणि तू त्यांच्याहून मोठ्यानं हसायचीस.

मी त्याच निकालात पास झाले होते. लोक मला पेढा भरवत होते आणि तू माझ्या शेजारी उभी होतीस. त्या दिवसाबद्दल आपण नंतर कधीच बोललो नाही. बाकी जगातल्या सगळ्या गोष्टींवर बोललो.

आता मुआयन्याकडे येते. तपासणी म्हणायचं सोडून आपल्याकडे अजून मुआयनाच म्हणतात, निजाम जाऊन इतकी वर्षं झाली तरी. आपली शाळा मराठी माध्यमाची, लहान, सरहद्दीवरची, भोवती सगळी तेलुगू. मंडल ऑफिसातून, म्हणजे तालुक्याच्या शिक्षण ऑफिसातून, निरोप आला की लहान हायस्कुलांची गुणवत्ता तपासायची आहे. मुलांना वाचायला लावणार, गणितं घालणार, शाळेची सरासरी काढणार. सरासरी खाली गेली तर नववी-दहावी उचलून बाजारहत्नूरच्या शाळेत नेणार. आपल्या गावापासून तिथं जायचं म्हणजे नाला, मग जंगलाचा पट्टा, मग ऑटो मिळाला तर मिळाला. मुलं सायकलनं जातील. मुली किती जातील हे तुला विचारायची गरज नव्हती, मलाही नव्हती. आठवीनंतर घरी, आणि मग लग्न.

मराठी वाचणारं गणिताचं माणूस तपासणीच्या पथकात हवं होतं, म्हणून माझं नाव लागलं. ही माझीच शाळा आहे, असं मी मंडलाच्या साहेबांना आधीच सांगितलं. ते म्हणाले, "मॅडम, मराठी माध्यमवालों में जिसको पूछो, वो अपनाच स्कूल बोलता. किसको भेजूं?"

मी तुला फोन करून एवढंच सांगितलं की अमुक दिवशी येतोय, मुलं शाळेत असू देत. एवढंच. मला जे म्हणायचं होतं ते म्हणजे जी रोज येतात ती असू देत.

दिवस कापूस वेचणीचे होते. या दिवसांत आपल्या शाळेत मागचे बाक रिकामे पडतात, हे नवं नाही. पोरं वावरात असतात. दुसऱ्या गावांतही हेच असतं, आणि मुआयन्याच्या दिवशी त्या गावांना ते बरंच वाटतं. जी कधीमधी येतात, ज्यांना वाचता येत नाही, ती आपोआप गैरहजर असतात. कोणाला खोटं बोलावं लागत नाही. मुलं वावरात, सरासरी शाळेत.

आणि तू काय केलंस? इर्जिक घातलीस.

नांगरणीला, पेरणीला गावानं मिळून एकाचं काम उरकून द्यायचं आणि त्यानं सगळ्यांना जेवण घालायचं, ही इर्जिक मला माहीत होती. मुआयन्यासाठी इर्जिक मी जन्मात ऐकली नव्हती. तू घरोघर फिरलीस. बायकांना म्हणालीस, एका दिवसासाठी तुमची लेकरं मला द्या, त्यांच्या वाटचा कापूस आम्ही वेचतो. समितीतल्या आणि बचत गटाच्या बायका घेऊन तू तोंड उजाडताना वावरात उतरलीस, आणि ती सगळी पोरं धुवून-पुसून, तेल लावून शाळेत पाठवलीस. काहींच्या अंगात शाळेचा सदरा मावत नव्हता. दिवाळीपासून ज्यांनी पाटी-पुस्तक बघितलं नव्हतं तीही आली. आम्ही गाडीतून उतरलो तर शाळा भरून वाहत होती. एक पोरगा तर बाहेर पायरीवर बसला होता, कारण त्याच्या बाकावर दुसराच कोणीतरी बसला होता आणि दोघांनाही ती जागा आपलीच वाटत होती.

मुख्याध्यापक सार निजामाबादकडचे, तुला अम्मा म्हणायचे, मराठी शिकून शिकून आता बरी बोलतात. ते माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "मॅडम, अम्मानं सगळ्याले आणलं. मंचिदे, चांगलं केलं. पण आता माझं काय होईन?"

नियम असा की हाजिरीपटावर नाव आहे आणि मूल हजर आहे, तर ते तपासायचं. आम्ही सगळ्यांना तपासलं. माझ्यासमोर एक मुलगी बसली, बोटांवर बोंडाच्या टोकांचे ओरखडे, काही ताजे. मी तिला भागाकार घातला. ती माझ्याकडे बघून गोड हसली आणि हसतच राहिली. अशा मुलांना कागदावर येत नाही पण तोंडी हिशेब पक्का येतो, असं म्हणायची पद्धत आहे. मी खरं सांगते, तोंडीही येत नव्हता. पुढच्या पोराला मराठीचं पान दिलं, त्यानं पहिली ओळ अडखळत वाचली आणि दुसरी मनानं सांगितली. अशी एकामागून एक येत राहिली. मधूनच रोजची मुलं यायची, तुझी लेक अंकिता आली, भराभर वाचून, गणितं सोडवून, वर मलाच विचारून गेली की मावशी, अजून अवघड नाई का. मला बरं वाटायचं आणि लगेच पुढचं मूल यायचं.

सरासरी पडली. अशी पडली की पथकातल्या दुसऱ्या मॅडमनी बेरीज पुन्हा तपासली.

संध्याकाळी तू वावरातून आलीस, डोक्याचा फडका सोडत, आनंदात. "भरली का नाई शाळा?" म्हणालीस. मी तुझ्या अंगणात उभी होते. तुझी सासू चुलीपाशी, अंकिता तुरीच्या शेंगा सोलत बसलेली. मी चहाही घेतला नाही.

"काऊन आणले तू सगळे?" मी म्हणाले. तुझ्यापुढे माझी इचोड्याची भाषा टिकत नाही.

"काऊन म्हंजे? मुआयना शाळेचा होता ना?"

"हो."

"मंग हे पोट्टे का माह्या सासऱ्याचे हायेत? शाळेचेच हायेत."

"रेखा, सरासरी गेली. वर्ग जातील आता."

ही गोष्ट तुझ्या डोक्यातच आली नव्हती. पुरी शाळा दिसली की साहेबांना बरं वाटेल, असंच तुला वाटलं होतं. बाहेरच्या माणसाला हे खरं वाटणार नाही, पण मला वाटलं. पाहुणा येणार म्हणून तू सगळं घर उघडून ठेवलं होतंस. मग तू खाली बसलीस आणि शेंगांच्या टोपलीत हात घातलास. "सारेच्या सारे ढ निंगाले का?" विचारलंस. अंकिता हसली. तू तिच्या पाठीत धपाटा घातलास, हळूच.

तेव्हा मी माझा उपाय काढला. मी म्हणाले, मी वेगळा कागद जोडते. त्यात दोन भाग करते. जी रोज येतात त्यांची सरासरी एकीकडे, जी वेचणीला जातात त्यांची दुसरीकडे. पहिली सरासरी चांगली आहे, मी बघितली आहे, मंडलातल्या मोठ्या शाळांच्या बरोबरीची आहे. म्हणजे शाळा शिकवते, मुलं आली तर शिकतात, हे दिसेल. यात काही लपवालपवी नाही. उलट हेच खरं चित्र आहे.

तू ऐकून घेतलंस. मग म्हणालीस, "आमी कापूस येचला का कवडी येगळी काढतो. किडका, पिवळा पडलेला कापूस. चांगल्या कापसाचा ढीग येगळा, कवडीचा येगळा. तसंच ना हे?"

"तसं नाही."

"तसंच हाये. अन् कवडीचं काय होते, तुले म्हाईत हाये."

"रेखा, मी कोणाला कवडी म्हणत नाही. मीही वेचलाय कापूस. मीही जात होते वावरात, आणि तरी शिकले."

"तुले तुह्या मायनं सोडलं व. दिवसभर स्वतः येचे अन् तुले शाळेत धाडे. तू शिकली म्हणून मिरवते, मिरव, मले बी बरं वाटते. पण माय इसरू नको तुही."

हे मला लागलं. मी तुला तेव्हा सांगितलं नाही, आज सांगते. लागलं कारण खरं होतं, आणि त्याहून जास्त लागलं कारण तू ते अंकितासमोर म्हणालीस. मी पिशवी उचलून निघाले. तू मागून ओरडलीस, "च्या तं घेऊन जा. सरासरी गेली, च्या कायले जाऊ देते?" मी वळले नाही. चार पावलांवर हसू आलं, ते तुला दिसू नये म्हणून वळले नाही.

मग फोनवरची भांडणं सुरू झाली. मी रोज शाळेतून येऊन चहा टाकायचे आणि तुझा फोन यायचा. तुझ्याकडे रोज नवा मुद्दा. एकदा म्हणालीस, "समज, तू ढीग येगळे केले. चांगला ढीग लहान निंगन. मंग साहेब म्हणन, एवढ्यायसाठी कायले पाह्यजे शाळा?" मी म्हणाले, असं कोणी म्हणणार नाही. तू म्हणालीस, "तू ऑफिसात जाते अन् तुले साहेब म्हाईत नाई."

एकदा म्हणालीस, "दुसऱ्या ढिगातल्या लेकराची माय मले इचारन. म्हणन, बाई, तू आमचं पोट्टं मागून नेलं एक दिवस, अन् त्याचं नाव कवडीत टाकलं. मी काय सांगू?" मी म्हणाले, नावं टाकत नाही, फक्त आकडे टाकते. तू म्हणालीस, गाव केवढं आहे? आकड्याला नाव लागायला किती वेळ लागतो? हे तुझ्याहून जास्त कोणाला कळणार होतं. एक आकडा तुझं नाव घेऊन इतकी वर्षं गावात फिरला होता. आपण दोघींनीही तो तोंडानं काढला नाही. तो फोनवर आपल्या मधेच बसलेला असायचा.

मला समजत होतं, रेखा, की तू त्या पोरांसाठी भांडत नव्हतीस, जिच्या ओसरीवर मास्तर बसले होते त्या पोरीसाठी भांडत होतीस. पण मला हेही दिसत होतं की एकच आकडा पाठवला तर वर्ग जाणार, आणि गेले की दोन्ही ढीग घरी बसणार. तुझं म्हणणं खरं ठरायला शाळा तर राहिली पाहिजे ना. हे मी तुला शेवटच्या फोनवर म्हणाले. तू मग म्हणालीस, "लिही तू. पण पैले मले वाचून दाखव. मले पटलं नाई तरी वाचून दाखव." मी म्हणाले, आणते. तू भरिताचं बोललीस, चष्म्याचं बोललीस.

तेरवीला तुझ्या अंगणात बसले होते तेव्हाच मुख्याध्यापक सारांनी वर्ग ठेवायचे की न्यायचे त्या बैठकीची तारीख सांगितली. ते डोळे पुसत होते आणि तारीख सांगत होते, आणि त्यांनाही त्याची लाज वाटत होती. मी त्या रात्री लिहिणार नाही असं ठरवलं. दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर माझ्याच वर्गात, मुलांच्या बाकावर बसून लिहिलं.

आता तो कागद. मी दोन ढीग केले, पण तुला मी ते नीट समजावून सांगितलंच नव्हतं, हे लिहिताना कळलं. तू मला बोलू द्यायची नाहीस आणि मी तुला ऐकू द्यायची नाही. मी सारांकडून जुने हाजिरीपट मागवले आणि दुसऱ्या ढिगातली मुलं कधी येतात आणि कधी येत नाहीत ते बघितलं. शाळा सुरू होते तेव्हा ती असतात. गणपतीला असतात. बोंडं फुटली की जायला लागतात, कापूस संपला की मागच्या बाकावर येऊन बसतात, आणि तोवर वर्ग दोन धडे, चार धडे पुढे गेलेला असतो. तो मागे वळून त्यांना घ्यायला येत नाही. म्हणून मी लिहिलं की या शाळेत दोन प्रकारची मुलं नाहीत, दोन प्रकारचे महिने आहेत. वेचणीच्या महिन्यांत जे बुडतं ते नंतर वेगळं शिकवलं तर ही सरासरी उचलता येईल. मला ते वाक्य लिहून फार बरं वाटलं. वाटलं, हे ऐकून तू म्हणाली असतीस, "हे तं माहंच म्हणणं हाये, तुह्या अक्षरात."

बैठकीत साहेबांनी कागद वाचला. पहिली सरासरी वाचली, मान हलवली. मग पान उलटलं, मग परत मागे गेले आणि म्हणाले, "मॅडम, ये पहिले वाले बच्चे तो अच्छे हैं. लेकिन इतनेच हैं? इतने बच्चों के लिए दो क्लास, टीचर, बिल्डिंग, क्या करना?"

शब्द न शब्द तेच, रेखा. माझ्या शेजारची खुर्ची समितीच्या अध्यक्षांची होती, तिथं आता तुझ्या गटातल्या बायकांपैकी एक दबकून बसली होती. मला एकदा तुझ्या नावानं कपाळावर हात मारून घ्यावासा वाटला. तू जिथं असशील तिथं "सांगतलं नव्हतं का" म्हणत असशील, याबद्दल मला काही शंका नव्हती.

मी उठले. म्हणाले, साहेब, दुसरी मुलं नाहीत असं मी लिहिलेलं नाही. ती कधी नसतात ते लिहिलंय. मुआयन्याच्या दिवशी ती सगळी होती. त्यांना आणण्यासाठी गावच्या बायकांनी त्यांचा कापूस वेचला. मंडलातल्या दुसऱ्या कोणत्या गावानं तुम्हाला नापास होणारी मुलं मागून आणून दाखवली ते सांगा. ज्यांनी दाखवली नाहीत त्यांचे वर्ग राहणार आणि ज्यांनी दाखवली त्यांचे जाणार, तर पुढच्या खेपेला आम्हालाही अक्कल येईल.

जरा जास्तच बोलले. मुख्याध्यापक सार खाली बघायला लागले. साहेबांनी विचारलं, "ये कापूसवाला काम किसने किया?" मी तुझं नाव सांगितलं. ते म्हणाले, कुठे आहेत त्या, बोलवा. शेजारच्या बाईनं पदर तोंडाला लावला, तेव्हा त्यांना कळलं.

वर्ग राहिले. एका वर्षासाठी. पुढच्या वेचणीत पुन्हा मुआयना. साहेबांनी कागदावर शेरा मारला, दुसऱ्या गटाकडे विशेष लक्ष द्यावे. दुसरा गट. बघितलंस, ढिगाला नाव मिळालंच. माझ्यामुळे वर्ग राहिले की तुझ्या इर्जिकमुळे, हे मी ठरवत नाही. कदाचित बाजारहत्नूरच्या शाळेत नववीला बसायला जागा नसेल म्हणूनही राहिले असतील. ऑफिसातली कारणं ऑफिसालाच माहीत.

हे सगळं सांगायला रविवारी तुझ्या घरी गेले. अंकिता भाकरी थापत होती. तिचा हात अजून बसलेला नाही, भाकर कडेला जाड होते. सासू एका अंगाला पडून होती, तुझ्या माघारी ती फार बोलत नाही. मी अंकिताला बैठकीचं सगळं सांगितलं. साहेब काय म्हणाले, मी काय म्हणाले. ती ऐकत होती, तव्यावरची भाकर उलटत होती. मग मला सुचलं म्हणून विचारलं, शाळा कशी चाललीये?

"जात नाई मी, मावशी. आईचं झालं तवापासून."

मला हे माहीत नव्हतं. सारांनी सांगितलं नव्हतं, त्यांना वाटलं असेल की सुतक आहे, येईल. मी म्हणाले, काऊन? ती म्हणाली, "घरचं कोण करन?" कोणावर आरोप नव्हता त्यात. मग तिनं भाकर टोपल्यात टाकली, हात झटकला आणि विचारलं, "मंग मी आता कोणत्या ढिगात, मावशी?"

आपली सगळी भांडणं तिनं ऐकली होती, शेंगा सोलता सोलता. तिनं टोमणा मारला नव्हता. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

माझ्या कागदात कापसाचे महिने होते, रेखा. आई जायचा महिना नव्हता. ही पोरगी माझ्या पहिल्या ढिगाच्या अगदी वर होती. अजून अवघड नाही का, असं विचारणारी. मी इतकं छान मांडलं होतं की मुलं वेगळी नाहीत, महिने वेगळे आहेत, आणि ते वेचणीपुरतं खरंही आहे. पण ढीग बदलायला वेचणीच लागते असं नाही. तू हे मला फोनवर सांगायचा प्रयत्न करत होतीस का? की मीच आता तुझ्या तोंडी घालतेय? मेलेल्या माणसाचं हे एक वाईट. त्याच्या तोंडी काहीही घालता येतं आणि ते नाही म्हणत नाही. तू मात्र म्हणाली असतीस.

मी अंकिताला म्हणाले, अजून लिहिलं नाही, तू उद्या शाळेत गेलीस तर लिहावं लागणार नाही. मग बाहेर जाऊन भाऊजींना गाठलं. ते म्हणाले, "मी नाई म्हणतलं तिले थांब म्हणून. कोणीच नाई म्हणतलं. थे आपल्या मनानंच थांबली." मी म्हणाले, मग कोणीतरी तिला जा म्हणा. आणि सकाळच्या भाकरी तुम्ही थापा. "मले नाई येत बाप्पा," ते म्हणाले. मी म्हणाले, भाऊजी, रेखाला गणित येत नव्हतं, तरी बसली होती. ते तेरवीनंतर पहिल्यांदा हसले. थोडंच.

तुला वाटेल, आता ही सांगणार की सगळं सुरळीत झालं. नाही झालं. सोमवारी अंकिता गेली. मंगळवारी नाही गेली, आजीला ताप होता. भाऊजींच्या भाकरी कुत्रंही खाईना, असं शेजारीण म्हणते, पण ते थापतात. मी इचोड्यातून रोज काय करू शकते ते मला अजून उमगलेलं नाही. फोन करते. पुढच्या वर्षीचा कागद कसा लिहीन, तेही माहीत नाही. एकच ढीग करून देणार नाही, हे आत्ताच सांगते, त्यात तुझं ऐकणार नाही. पण दोन पुरतील की नाही, याची आता मला खात्री राहिली नाही. तुझ्याशी बोलायला हवं होतं यावर. माझ्या शाळेत सगळे माझ्याशी सहमत होतात, त्याचा उपयोग होत नाही.

तुझे उपकार मानायचेही राहिले. मी नोकरीला लागले, घर बांधलं, चार लोकांत बसायला लागले, तेव्हा गावातले बाकीचे माझ्याशी जपून बोलायला लागले. तू नाही लागलीस. माझं चुकतंय हे मला तोंडावर सांगणारं माणूस माझ्या आयुष्यात एकच होतं, आणि मी ते फुकटचं समजत होते.

आज दुपारी मधल्या सुट्टीत सारांचा फोन आला. अंकिता आली आहे, पण दुसरा तास संपल्यावर. घरून निघायला उशीर झाला असेल. हाजिरी तर सकाळीच घेऊन झालेली. नियमानं ती आज गैरहजर. "मॅडम, लावू का हाजिरी?" त्यांनी विचारलं.

तुला माहीत आहे, मी नियमाची बाई आहे. तू समोर असतीस तर नुसतं तुझं तोंड बघायला मी "नको" म्हणाले असते, आणि मग तासभर आपली जुंपली असती.

मी म्हणाले, लावा, सार. आली आहे ती.